पांढऱ्या कोंबडीचं निशाण

हिकरी बेंड, मिझुरी
सोमवार, १२ एप्रिल १९५४

बाळ लाइल,

तर सगळ्यांत आधी आली अर्लीन. मी कोंबड्यांना दाणे टाकत होते, तोवर ही फाटकात उभी, केस कुरळे करायच्या पिना डोक्यात तशाच. मी म्हटलं, "अगं, मेलं का कुणी?" तर म्हणे, "मेलं नाही ओलीटा, पण तुझं कापड कुणी नेलं ते मला कळलंय."

तुला ठाऊकच नाही, नाही का! शनिवारी तू अचानक आलास, जेवलास, पोर्चवर बसलास आणि चारच्या बसनं गेलास. त्यानंतर मी दोरी आवरायला गेले, तर माझं एक कापड गायब. कोणतं ते लिहीत नाही, कारण पोस्टातली विल्मा पाकिटं उजेडाला धरते. (विल्मा, गुडघा बरा आहे ना गं आता?) एवढंच सांगते की पिठाच्या पोत्याचं होतं. तसं माझ्या घरात काय नाही पिठाच्या पोत्याचं? उश्या, पडदे, तुझ्या बापाचे लहानपणचे सदरे. पांढरी कोंबडी छापाचे पीठवाले पोतं चांगलं देतात, पण तो मेला छाप निघता निघत नाही.

तर अर्लीनचं म्हणणं, चोर माहीतगार आहे. कारण ते कापड मधल्या दोरीवर होतं, दोन्हीकडच्या चादरींच्या आड, आपण सगळ्या बायका वाळत घालतो तसं. रस्त्यावरून ते दिसायचं नाही. मी म्हटलं, शेजारच्या टगलच्या शेळीनं खाल्लं असेल, ती डिलायला काहीही खाते. तर अर्लीन म्हणे, "शेळीला चिमटे काढून परत दोरीला लावता येतात का?" खरंच गं बाई! चिमटे दोन्ही जागेवर, शेजारीशेजारी. चोर चोर, पण संस्कारी.

"आणि शनिवारी तुझ्या अंगणात कोण होतं? होबार्ट टगल!" अर्लीननं बाँब टाकला. तेवढ्यात शिवणमंडळाच्या बाकीच्या बाया आल्या, माझा अख्खा केक संपला, आणि सत्तर वर्षांच्या विधुर माणसाचं काय काय बोलल्या म्हणतोस! मी इतकी हसले की पोटात कळ आली. वीस वर्षांत गावात एवढी मजा आली नव्हती.

ते असो. तुझं ते कॉलेजातल्या पोरांचं बंधुमंडळ मला फार आवडलं. तू एकुलता एक पोर, आणि आता एकदम एकोणतीस भाऊ! घरावरची ती ग्रीक अक्षरं तू काढून दाखवलीस, मला तर छप्पर, नाल आणि दाताळं दिसलं. मला वाटलं तबेल्याचं नाव आहे. पण शपथ काय सुंदर रे तुमची! "स्त्रीमात्राचा मान राखीन, दुबळ्याची ढाल होईन, खोट्याला थारा देणार नाही." मी तिसरीपर्यंत शिकले, पण भांडी घासताना म्हणून म्हणून पाठ केली. उमेदवारी संपून तू पक्का भाऊ कधी होणार ते कळव.

तुझी आजी


बंधुगृह, विद्यापीठ
गुरुवार, १५ एप्रिल

प्रिय आजी,

पत्र मिळालं. मी मजेत आहे. खाणं बरं आहे, तुझ्या बिस्किटांची सर नाही. रसायनशास्त्रात नडीन व्हॉस नावाची मुलगी माझ्याच टेबलावर काम करते, तिच्यामुळे पास होईन असं वाटतं. सध्या ती माझ्याशी बोलत नाही. मुलींच्या हॉस्टेलवर आमच्या घरानं एक गंमत केली होती, ती मुलींना आवडली नाही. होईल शांत.

घरात माझं बरं चाललंय. थोरले भाऊ खूश आहेत. आमचे अध्यक्ष थॅचर प्रुइट सगळ्यांदेखत म्हणाले की या वर्षीच्या उमेदवारांत हा पिकार्ड सगळ्यात धाडसी. दोन आठवड्यांत माझ्यावर मतदान आहे.

आजी, मिस्टर टगल असं करणार नाहीत. मला खात्री आहे. कृपा करून अर्लीनबाईंना तसं सांग. एवढी मोठी निकर, वाऱ्यानं फुगून शिडासारखी उडाली असेल आणि नदीत पडली असेल. हा विषय सोडून दे ना.

तुझा,
लाइल


हिकरी बेंड
मंगळवार, २० एप्रिल

बाळ लाइल,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. माझं वाचन कच्चं, बोट ठेवून सावकाश वाचते. पण सावकाश वाचलं की जास्त दिसतं.

इथे मजा संपली बाळा. ईस्टरला चर्च गच्च भरलं होतं. तुला ठाऊक आहे, दानाचं ताट तीस वर्षं होबार्टच फिरवतात. आपला तो तपकिरी कोट, बूट चकचकीत, प्रत्येक बाकापाशी मान थोडी लवून. तर या वेळी ताट आलं आणि अर्लीननं घागरा आवरून घेतला. असा, गटारावरून जाताना घेतात तसा. तिचं बघून पलीकडचीनं घेतला. मग पुढच्या बाकावर. ते बिचारे शेवटपर्यंत चालत गेले, ताट वेदीवर ठेवलं, पाद्रीबाबांच्या कानात काही बोलले आणि बाजूच्या दारानं बाहेर. ताट सोडलं त्यांनी. माझ्या त्या हसण्याची मलाच लाज वाटली.

सोमवारी केक घेऊन गेले त्यांच्याकडे. म्हटलं, "होबार्ट, दार उघडा."

आतून म्हणे, "नाही उघडत. आधी दोरीवरचं नेलं, आता बाईच नेली म्हणतील."

"अहो, मी कुठे म्हणतेय तुम्ही नेलं?"

"तू हसलीस ओलीटा. मी कुंपणापाशी शेळी सोडवत होतो. मला ऐकू आलं."

मी केक पायरीवर ठेवला. तर म्हणे, "आणि मला चोरायचीच असती, तर माझ्या मापाची नसती चोरली?" म्हणजे अजून माणूस शाबूत आहे आतला. पण दर शुक्रवारी तो माझ्यासाठी नदीतला मासा साफ करून आणायचा, तो या शुक्रवारी आला नाही. शेळीसुद्धा बांधून घातलीय. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे.

आता तुझ्या पत्राचं. मी तर 'कापड' लिहिलं होतं रे. निकर हा शब्द माझ्या पत्रात कुठे नव्हता, मी विल्मालाही विचारून घेतलं. आणि ते चिमटे. काढलेला चिमटा परत दोरीला लावायचा, गवतात टाकायचा नाही, हे मी आयुष्यात एकाच पोराला शिकवलंय. ते पोर तेव्हा पाच वर्षांचं होतं.

मी कुणाला एक अक्षर बोलले नाही. बोलायचं ते ज्याचं त्यानं बोलावं. फक्त ती शपथ एकदा मोठ्यानं म्हणून बघ. मी म्हणते तेव्हा चांगली लागते, तू म्हणतोस तेव्हा कशी लागते ते कळव.

तुझी आजी

ता. क. निकर पाहिजेच होती तर मागायचीस ना रे मुडद्या! नवी दिली असती.


बंधुगृह
मंगळवार, २७ एप्रिल

आजी,

सगळं सांगतो.

थोरल्यांचा हुकूम होता: शुक्रवारी संध्याकाळी मुलींच्या हॉस्टेलवर धाड घालायची आणि प्रत्येक उमेदवारानं एकेक विजयचिन्ह आणायचं. कोणतं ते तुला कळलंय. दरवर्षी होतं, मुलीही हसतात, असं सांगितलं होतं. आजी, काही मुली हसत होत्या, खोटं नाही. मी बाहेरच्या जिन्याच्या कठड्यावरून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी पोचलो, तर आत नडीन. तिनं खिडकी दोन्ही हातांनी खाली दाबून धरली होती. ती हसत नव्हती. काचेतून मला ओळखलं आणि म्हणाली, "पिकार्ड, तूसुद्धा?"

मी खाली उतरलो. रिकाम्या हाती. बाकी अकरा जणांनी आणली होती. थॅचर म्हणाला, "शनिवारी रात्रीपर्यंत आण, नाहीतर पुरुषांच्या घरात तुझं काम नाही." म्हणून मी बस पकडून तुझ्याकडे आलो. तू पोर्चवर ती शपथ मला दोनदा म्हणायला लावलीस, आणि मग मी चादरींच्या आड गेलो.

मी आणली ती बघून सगळे उड्या मारायला लागले. एवढी मोठी म्हणजे हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंचीच असणार! मागच्या बाजूला कोंबडी, खाली लिहिलेलं 'हमखास फुगणार'. त्यांनी ती दारातल्या खांबावर चढवली. रोज सकाळी सगळे ओळीत उभे राहून सलाम ठोकायचे. मीही ठोकायचो.

तुझं पत्र आलं, आणि काल जेवताना मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "ते निशाण हॉस्टेलचं नाही. ते माझ्या आजीचं आहे."

टेबलाच्या शेवटून कुणीतरी हळूच विचारलं, "म्हणजे जिची बिस्किटं तू आम्हाला आणतोस, ती आजी?"

"तीच."

"अरे देवा. मी त्या निशाणावर गाणं रचलंय."

तिघं धावत बाहेर गेले, उतरवायला. एकानं तर टोपी काढून छातीशी धरली. मला हसू यायला हवं होतं, पण राग आला. मी म्हटलं, "आता का उतरवता? वॉर्डनबाईंची वाटत होती तेव्हा गंमत होती ना? त्या कुणाच्या आजी नाहीत? आणि खोक्यातल्या त्या अकरा? त्या मुली आज आज्या नाहीत म्हणून चालतं? उद्या होतील की!"

थॅचर म्हणाला, "तू घराशी खोटं बोललास, पिकार्ड."

ते खरं होतं. मी म्हटलं, "हो. घराशी बोललो, आजीशी बोललो. आणि माझ्या खोट्यापायी गावात एका भल्या माणसाचं नाव गेलं. आधी आजीकडे आणि मिस्टर टगलकडे जा, मग मला ठेवा नाहीतर काढा."

गुरुवारी मतदान आहे. पेटीत पांढऱ्या गोळ्या टाकतात. एक जरी काळी निघाली तरी माणूस बाहेर. आजी, मला अजूनही त्या घरात राहायचंय. हे लिहायला लाज वाटते, पण वाटतं खरं. ते वाईट नाहीत गं.

मिस्टर टगलना वेगळं पत्र टाकलंय. शपथ मोठ्यानं म्हणून पाहिली. चांगली लागली नाही.

लाइल


बंधुगृह
गुरुवार, २९ एप्रिल

आदरणीय श्रीमती पिकार्ड यांस,

आपल्या मालकीची एक वस्तू आमच्या घराकडे अनवधानानं राहिली आहे. वस्तू सुस्थितीत आहे. ती रोज सूर्यास्ताला रीतसर उतरवून तिची घडी घातली जात असे, हे आपणास सांगणं मी कर्तव्य समजतो.

शनिवार, १ मे रोजी दुपारी ती आपल्या स्वाधीन करून क्षमा मागण्यासाठी आम्ही काही बंधू येऊ इच्छितो. परवानगी असावी. जेवणाची तसदी घेऊ नये.

लाइल पिकार्ड आमच्यासोबत येऊ शकणार नाही. उरलेल्या अकरा वस्तू त्यानं त्याच दिवशी हॉस्टेलच्या पुढच्या दारानं जाऊन परत कराव्यात असं घरानं ठरवलं आहे, कारण एकट्या त्यानंच तिथून काही आणलं नव्हतं. मतदान झालं. निकाल सांगण्याची मला परवानगी नाही.

आपला नम्र,
थॅचर प्रुइट, अध्यक्ष


हिकरी बेंड
सोमवार, ३ मे

बाळ लाइल,

आले रे, आले! तीन मोटारी भरून सतरा पोरं, सगळी सुटाबुटात, केसांना तेल चोपडलेलं. मला वाटलं मयताला आलीत. तो उंच थॅचर पुढे, दोन्ही तळहातांवर माझी ती. त्रिकोणी घडी, रे! लढाईत मेलेल्याच्या बाईला सरकार निशाण देतं ना, तशी. होबार्टना मी मुद्दाम बोलावून पोर्चवर बसवलं होतं. जुने शिपाई ते, हात आपोआप टोपीकडे गेला. मग लक्षात आलं कशाला सलाम करतोय, तर टोपीनं वारा घ्यायला लागले.

थॅचर म्हणाला, "मॅडम, आम्ही घराच्या वतीनं..." आणि अडला. कागदावर लिहून आणलं होतं, कागद मोटारीत राहिला.

मी म्हटलं, "आधी ते कोट काढा. चादरी भिजत घातल्यात."

धुवायला लावल्या, बाळा! एकेकाचे दंड बघावेत तर चेंडू फेकून घडवलेले, पण एक चादर पिळताना दोघं धापा टाकायला लागले. एकानं माझा झगा खांद्यांना चिमटे लावून टांगला, नुसता फासावर दिल्यासारखा. अर्लीन कुंपणावरून बघत होती, तिनं हाक मारली, "ओलीटा, भाड्यानं मिळतात का गं ही?" मी म्हटलं, "थांब, तुझ्याकडेही पाठवते. तुझा घागराही धुवायला झालाय." तिला समजलं. आत गेली.

मग त्या थॅचरला मी दोन चादरींच्या मधे नेलं, मधल्या दोरीपाशी. म्हटलं, "हे घाल आता जागेवर." त्यानं कान लाल करून माझी ती दोरीला लावली. मी म्हटलं, "आता बाहेर रस्त्यावर जा आणि बघ दिसतं का." गेला, आला. "नाही मॅडम, दिसत नाही."

"का घालतो आम्ही इथे, कळलं?"

"हो मॅडम."

"आम्ही चादरीआड घालतो आणि तुम्ही खांबावर चढवता. त्या मुलींनी काय दिलं होतं का तुम्हाला ते?"

"नाही मॅडम." खाली बघून म्हणाला, "माझी आई पण अशीच घालते. आडोशाला. मी कधी लक्षच दिलं नव्हतं." पोर वाईट नाही, तू म्हणतोस ते खरं. नुसतं कुणी त्याला धुण्याला लावलं नव्हतं.

जेवू नका म्हणणाऱ्यांनी तीन कोंबड्या संपवल्या. जेवण झाल्यावर थॅचर पोर्चवर आला, खिशातून रुमाल काढला, त्यात एक काळी गोळी. "मॅडम, ही एकच निघाली. ही माझी आहे. लाइल खोटं बोलला म्हणून टाकली."

मी म्हटलं, "बरोबर केलंस. तो बोललाच खोटं." त्याला वाटलं नव्हतं मी असं म्हणेन. मग विचारलं, "आणि ज्या अकरा जणांनी खरोखरच आणल्या, त्यांना कोणती टाकलीस?"

होबार्ट तिकडून म्हणाले, "पोरा, त्यांना पांढरी टाकली असशील, तर ही काळी कशाच्या जोरावर दाखवतोस?" थॅचरनं गोळी कठड्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत बसला. आणि लाइल, देवाशपथ सांगते, यात माझा हात नाही. होबार्टनी डिलायलाला त्याच दिवशी सोडलं होतं, इतक्या दिवसांनी. ती आली, कठड्यावर मान ठेवली, आणि गट्टम! एकदा चावलीसुद्धा नाही.

सगळी पोरं उठली. थॅचर तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग एवढ्या मोठ्यानं हसला की कोंबड्या उडाल्या. म्हणे, तुमच्या घराचा नियम असा की काळी गोळी टेबलावर दाखवता आली तरच नकार धरायचा. "आता ही दाखवायची कशी?" होबार्ट म्हणाले, "मी फावडं देतो, दोन दिवस थांब." थॅचर म्हणे, "नको सर. लाइल आत आला. आता नव्यानं मतदान बाकीच्यांवर घेऊ. तेवीस जणांवर. अकरा उमेदवार, अकरा हुकूम देणारे आणि मी."

पण मी खरं सांगू का, मला त्या गोळीचं तेवढं नव्हतं. ती पोरं टोप्या घालून निघाली, "मॅडम, आम्हाला क्षमा केलीत ना?" मी म्हटलं, "माझी निकर मिळाली, माझी क्षमा घ्या. पण होबार्टचं नाव माझ्या अंगणात नाही गेलं. ते चर्चमध्ये गेलंय. तिथे आणून द्या."

थॅचर पांढरा पडला. "मॅडम, चर्चमध्ये? सगळ्यांसमोर? तो... तो शब्द?"

"खांबावर चढवताना आठवला नाही तो शब्द?"

होबार्ट म्हणाले, "ओलीटा, जाऊ दे, पोरं आहेत." मी म्हटलं, "पुरुष आहोत म्हणून घर काढलंय ना त्यांनी? मग पुरुषासारखं तोंड उघडू दे." मग शुक्रवारच्या माशाचं विचारलं त्यांनी हळूच, कोणता आवडेल म्हणून. मी म्हटलं, काटे कमी असलेला.

पाद्रीबाबांशी बोलून आले मी. तू उभा राहून आधी बोलायचंस, मग थॅचर, मग सगळी पोरं ओळीत, आणि मग ताट होबार्टच्या हातात तू द्यायचंस. कोट इस्त्रीचा घाल. त्या नडीनचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस, पण आज तुझं पाकीट आलं, आणि विल्मा म्हणते त्यावरचा पत्ता या वेळी बायकी अक्षरात आहे. पाकिटात तर नुसता कोरा कागद आणि त्यात एक चिमटा. हा कुठून आला? मी इथे दोरीवर सगळे मोजले, आपले पुरे आहेत, म्हणजे हा हॉस्टेलच्या दोरीवरचा असणार. त्या नडीनलाही आण.

दिवस मी निवडला, म्हणजे बाक भरलेले असतील. थॅचर म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी तर आम्ही सगळे आपापल्या आयांना जेवायला नेतो!" मी म्हटलं, "मग उत्तमच, त्यांनाही घेऊन या, पुढचे दोन बाक राखून ठेवते." मोटारीत बसण्याआधी सगळी पोरं शब्द देऊन गेलीत. रविवार, नऊ मे, मातृदिन, सकाळी साडेदहाला, आयांसकट.

तुझी आजी